कधीतरीच्या डाउनहिल रेससाठी सायकलचं सस्पेन्शन बदलताय? आधी हे वाचा

मागच्या दिवाळीत जालन्याला घरी गेलो होतो. फराळाची ताटं अजून उचललीही नव्हती, तेवढ्यात मामेभावाने मोबाइल पुढे केला. "दादा, हा फोर्क घेऊ का? १८० एमएमचा आहे, सेकंड हँड, ११ हजारात देतोय." सायकल कोणती, तर १०० एमएम फोर्कची साधी हार्डटेल. म्हणजे पुढे शॉकअप, मागे काही नाही. थंडीत सह्याद्रीत एका छोट्या डाउनहिल रेसमध्ये उतरायचं त्याच्या डोक्यात होतं. वर्षातून एखाद-दुसरी रेस, बाकी दिवस क्लासला जायला हीच सायकल.

मी सरळ नाही म्हणालो. पठ्ठ्या दोन दिवस बोलला नाही.

नाही म्हणण्याचं कारण माझ्या उजव्या खांद्यात आहे. कॉलेजात असताना मीही "मोठा शॉकअप म्हणजे भारी शॉकअप" या हिशोबाने ऑनलाइन एक वापरलेला फोर्क घेतला होता. पहिला तर बसलाच नाही, कारण त्याची नळी माझ्या फ्रेमपेक्षा जाड निघाली. पैसे गेले. दुसरा बसला, पण त्याच्या आतलं तेल कधीच संपलेलं होतं आणि मला ते तपासायचं असतं हेच माहीत नव्हतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेत मुरुमाच्या उतारावर एका दगडावरून चाक खाली आलं, फोर्क पूर्ण दबला आणि गोफणीसारखा उलटा उसळला. पुढचा दगड आला तेव्हा चाक हवेत होतं. कॉलरबोन मोडलं, प्लेट बसली. दोष ना विकणाऱ्याचा, ना सायकलचा. मी डेटाशीट न वाचता पार्ट बदलला होता. तेव्हा भावाला जे दोन वाक्यांत सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितोय.

डाउनहिल म्हणजे किती उतार?

डाउनहिल म्हणजे डोंगरावरून घाईघाईने खाली येणं एवढंच नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या नियमांत साधारण दीड ते साडेतीन किलोमीटरचा ट्रॅक असतो, त्याला २ ते ५ मिनिटं लागतात. एकेक स्पर्धक घड्याळाविरुद्ध सुटतो आणि हनुवटी झाकणारं फुल-फेस हेल्मेट सक्तीचं असतं. १९९० साली अमेरिकेतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि डाउनहिल ग्रेग हर्बोल्डने जिंकली. त्याच्या सायकलला रॉकशॉक्सचा तेव्हा नवाकोरा असलेला फोर्क होता आणि तो दबायचा जेमतेम ५ सेंटिमीटर. आज डाउनहिलच्या खास सायकली २०० एमएमच्या आसपास दबतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातल्या पोन्मुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, त्यातही डाउनहिल होती. म्हणजे हा खेळ भारतात फक्त यूट्यूबवर बघायचा राहिलेला नाही.

जालना जिल्ह्याचं म्हणाल तर बराचसा भाग सपाट. काळी माती, कापूस, मोसंबी. चढ-उतार हवा तर उत्तरेला, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेत जावं लागतं. तिथला उतार लांब नाही, पण पृष्ठभाग अवघड आहे: वर सुटा मुरुम, त्यात बसाल्टचे मुठीएवढे दगड, पावसाळ्यानंतर पाण्याने पडलेल्या घळी. सरावाला ते उत्तम आहे. फक्त वनविभागाची जमीन असेल तर आधी विचारा. आणि हो, राजूरच्या गणपतीच्या किंवा अंबडच्या मत्स्योदरीच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवायची रील करू नका. तिथे लोक दर्शनाला येतात.

स्प्रिंग एक काम करतो, डॅम्पर दुसरं

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. शॉकअपमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात. स्प्रिंग धक्का साठवतो, मग तो स्टीलचा असो की दाबलेल्या हवेचा. डॅम्पर त्या धक्क्याची ऊर्जा तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून उष्णतेत घालवतो.

हिशोब करून बघू. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो, आणि ६० सेंटिमीटरच्या पायरीवरून खाली आलात. ऊर्जा झाली ९० × ९.८ × ०.६, म्हणजे सुमारे ५३० ज्यूल. टायर, हातपाय यांनी काही खाल्ली, उरलेली फोर्कच्या स्प्रिंगमध्ये गेली. स्प्रिंग प्रामाणिक असतो, घेतलेलं जवळपास सगळं परत करतो. डॅम्पर नसेल तर ती ऊर्जा तुमच्या मनगटात परत येते. माझ्या बाबतीत तेच झालं.

स्वस्त सायकलींच्या फोर्कमध्ये बऱ्याचदा एका पायात स्प्रिंग असतो आणि दुसऱ्या पायात नावापुरतं काही. वरच्या फिरकीवर अधिक-उणे लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं हा 'कडकपणा'. ती असते प्रीलोड. ती फिरवल्याने स्प्रिंग आधीच थोडा दाबला जातो, एवढंच. परत उसळण्याचा वेग तिने बदलत नाही. तो बदलायला रिबाउंड नावाची वेगळी फिरकी लागते, बहुधा उजव्या पायाच्या तळाला, बऱ्याच फोर्कवर लाल रंगाची. तुमच्या फोर्कला ती नसेल तर तो फोर्क खड्ड्याच्या रस्त्यासाठी ठीक आहे, उतारावरच्या रेससाठी नाही. मग त्याला कितीही लांब ट्रॅव्हल असो.

रिबाउंड फार हळू ठेवला तर उलटा त्रास. पहिल्या दगडाने फोर्क दबला, वर यायच्या आत दुसरा दगड, मग तिसरा. दर दगडाला फोर्क थोडा थोडा खाली बसत जातो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर रिक्वेस्ट येण्याचा वेग निकालात काढण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला आणि क्यू तुंबली. क्यू भरली की जे होतं तेच इथेही होतं, फक्त रीस्टार्टला हॉस्पिटलात जावं लागतं.

आधी स्वतःची सायकल मोजा

फोर्क म्हणजे आपले जुने सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात तो. त्याच्या वरच्या चकचकीत नळ्यांना स्टँचन म्हणतात. व्हर्निअर कॅलिपरने तिचा व्यास बघा. स्वस्त फोर्कमध्ये तो २८ एमएम असतो. जरा बऱ्या फोर्कमध्ये ३२, ३४, ३५. फरक मामुली वाटतो, पण भिंतीची जाडी सारखी धरली तर नळीचा वाकण्याला विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८ वरून ३४ वर गेलात की तो जवळपास १.८ पट होतो. जोरात ब्रेक दाबल्यावर पुढचं चाक मागे-पुढे थरथरतं ना, ते याच्यामुळे कमी होतं.

मग फ्रेम. हँडलखालच्या नळीत शिरणारी फोर्कची दांडी म्हणजे स्टिअरर. जुन्या आणि स्वस्त फ्रेममध्ये ती वरपासून खालपर्यंत सरळ, २८.६ एमएम. नव्या फ्रेममध्ये ती खाली जाड होत जाते, तिला टेपर्ड म्हणतात. टेपर्ड फोर्क साध्या सरळ फ्रेममध्ये बसत नाही. माझे पहिले पैसे इथेच बुडाले. सरळ स्टिअररचे चांगले फोर्क दिवसेंदिवस कमी होत चाललेत, त्यामुळे मिळाला तर किंमत बघताना हेही धरा.

शिवाय चाकाचा आकार, म्हणजे २६, २७.५ की २९. ॲक्सल जुना ९ एमएमचा क्विक रिलीज की १५ एमएमचा जाड थ्रू-ॲक्सल? ९ चा हब असेल आणि फोर्क १५ चा आणलात तर पुढचा हब, म्हणजे जवळपास अख्खं चाकच बदलावं लागतं. थ्रू-ॲक्सलमध्येही १०० आणि ११० अशा दोन रुंदी आहेत. डिस्क ब्रेकचा कॅलिपर कुठे बसणार तेही बघा, कारण साध्या रिम ब्रेकसाठीचे खुंट नव्या फोर्कवर नसतातच. हे सगळं फोनमध्ये एका नोटमध्ये लिहून ठेवा आणि विक्रेत्याला फोटो मागताना तीच नोट समोर धरा. "बसेल भाऊ, काही टेन्शन नाही" हे स्पेसिफिकेशन नव्हे.

१८० का नको

फोर्क २० एमएमने उंच झाला की हँडलकडचा कोन साधारण १ अंशाने लोळतो. हे साधं भूमितीचं आहे: चाकांमधलं अंतर ११०० एमएमच्या आसपास, त्याचं एक टोक २० एमएम वर उचललं. १०० च्या जागी १८० लावला तर ४ अंश. पॅडल-धुरा सुमारे ३ सेंटिमीटर वर जातो, सीट मागे झुकते, चढावर पुढचं चाक उचलायला लागतं आणि वळणावर सायकल लांबलचक ट्रॉलीसारखी वागते. पण मुख्य भीती वेगळी. लांब फोर्क म्हणजे लांब पहार. प्रत्येक धक्क्याला ती हेड-ट्यूबचा जोड उचकटायला बघते. १०० एमएमसाठी बनवलेला तो वेल्डचा जोड १८० च्या भाराला तपासलेलाच नसतो. तो तुटतो तेव्हा आधी कळवून तुटत नाही.

म्हणून कंपनी फ्रेमसाठी जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल मान्य करते ते मॅन्युअलमध्ये शोधा. १०० च्या फ्रेमला बऱ्याचदा १२० पर्यंत चालतं, तेही लिहिलेलं असेल तरच. लिहिलेलं नसेल तर १०० च ठेवा आणि फोर्क चांगला घ्या. चांगला डॅम्पर असलेला १०० किंवा १२० एमएमचा फोर्क हा मेलेल्या १८० पेक्षा दर उताराला वेगवान आहे. आणि स्पर्धेचा ट्रॅक खरोखरच मोठ्या उड्यांचा असेल तर हार्डटेलला औषध नाही. सायकल भाड्याने किंवा ओळखीवर मिळवा, नाहीतर त्या वर्षी क्रॉस-कंट्री करा.

मागचा शॉकअप असलेल्या, दुकानात 'डबल शॉक' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींबद्दल दोनच शब्द: नका घेऊ. मागे नुसता स्प्रिंग, डॅम्पर नाही, वजन जास्त, आणि पॅडल मारलं की सायकल झोके घेते. खरी फुल-सस्पेन्शन सायकल असेल तर मागचा शॉक बदलताना त्याची लांबी आणि स्ट्रोक अगदी जुन्याइतकेच हवेत. तिथे एमएमचीही सूट घेऊ नका.

हवा की स्टील, आणि आपला उन्हाळा

कधीतरीच रेस करणाऱ्याने हवेचा फोर्क घ्यावा असं माझं मत आहे. स्टीलचा स्प्रिंग मऊसूत चालतो, पण तुमच्या वजनाला जुळत नसेल तर स्प्रिंगच बदलावा लागतो आणि जालन्यात तो मिळणार नाही. हवेच्या फोर्कला वजनाप्रमाणे दाब भरता येतो. कंपनीने बहुधा पायावरच वजन आणि दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो.

दाब भरायला शॉक पंप लागतो, छोटा, लांब नळीचा आणि बारीक आकड्यांचा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर फोर्कला कधीही लावू नका. आत हवेची जागा कपभराचीही नसते. कॉम्प्रेसरची एक फूसकी पुरे, सील बाद.

आता मराठवाड्याचा खास मुद्दा. जानेवारीत सकाळी २० अंशांना ८० पीएसआय भरले आणि मे महिन्यात ४२ अंशांत तीच सायकल काढली. बारावीचा वायूचा नियम आठवा, फक्त वातावरणाचा १४.७ मिळवायला आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नका. ९४.७ × ३१५ ÷ २९३ म्हणजे जवळपास १०१.८, त्यातून १४.७ वजा केले की ८७. काही न करता ७ पीएसआय वाढले! म्हणून दाब घरात पंख्याखाली नाही, ट्रॅकवर, सायकल सावलीत थोडा वेळ उभी केल्यावर तपासायचा.

सेटिंग करताना फोनचा खरा उपयोग

आधी सॅग. तुम्ही नुसते उभे राहिल्यावर फोर्क जेवढा दबतो तो सॅग. स्टँचनवर रबराची ओ-रिंग असते, नसेल तर बारीक झिप-टाय बांधा. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाण्याची पिशवी सगळं अंगावर घालून, भिंतीला एका बोटाचा आधार घेऊन पॅडलवर उभे राहा, मित्राला रिंग खाली सरकवायला सांगा, हलकेच उतरा. १२० एमएमच्या फोर्कला उताराच्या रेससाठी २५ टक्के धरा, म्हणजे ३० एमएम. जास्त दबला तर हवा वाढवा, कमी दबला तर काढा.

मग रिबाउंड. फोनमधला स्लो-मोशन काढा. २४० फ्रेमचा असेल तर प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची. फोन बाजूला विटेवर टेकवून ठेवा, स्टँचनशेजारी पांढरी टेप लावा आणि सीटवर बसून फुटपाथच्या कडेवरून सावकाश खाली उतरा. व्हिडिओत फोर्क दबून वर आला, एकदा किंचित पुढे गेला आणि थांबला तर बरोबर. दोन-तीन वेळा डोलत राहिला तर रिबाउंड हळू करा. वर यायला आळस करत असेल तर एक-दोन क्लिक वेगवान करा. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, फोनला दिसतो.

तिसरा प्रयोग मी जुन्या फोनवर करतो. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलंय. ते फोनचा ॲक्सेलरोमीटर थेट वाचून फाइल देतं. फोन हँडलच्या मध्यावर रबराने घट्ट बांधून एकाच उतारावर, एकच बदल करून दोन फेऱ्या मारतो आणि आलेखांची तुलना करतो. आकड्यांना फार किंमत देऊ नका. मोठ्या धक्क्याला सेन्सरची मर्यादा संपते आणि आलेखाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसतो. पण कुठली फेरी जास्त खडखडली हे नक्की कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. कोडमध्ये सात बदल एका कमिटमध्ये घालणाऱ्याचं जे होतं ते इथेही होतं.

इथे नवा महागडा फोन मात्र बांधू नका. कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन सततच्या जोरदार कंपनाने बिघडू शकतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन लावण्याबद्दल असाच इशारा दिला होता. आणि फेरीची वेळ जीपीएसवर मोजू नका. सेकंदाला एक नोंद आणि काही मीटरची चूक, यात दीड मिनिटाच्या ट्रॅकवर अर्ध्या सेकंदाची सुधारणा सापडणार नाही. दोन ठिकाणी मित्र उभे करा, व्हिडिओ घ्या.

धूळ

महाग फोर्क आपल्याकडे आपटून कमी आणि धुळीने जास्त मरतात. स्टँचनवरची धूळ सीलमधून आत गेली की तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखी घासते. प्रत्येक राइडनंतर मऊ फडक्याने पुसा. गाडी धुवायच्या सेंटरवर प्रेशरचं पाणी सीलवर मारू नका, गंज काढायचा स्प्रे तर अजिबात नको. खालचे पाय उतरवून तेल आणि फोमच्या रिंगा स्वच्छ करायची सर्व्हिस रॉकशॉक्स दर ५० तासांना सांगते. कधीतरी रेस करणाऱ्यालाही हे तास लवकर भरतात, कारण सराव मोजायचा विसरतो. एकदा शिकून घेतलं की घरी होतं; पुण्याला पार्सल करण्यापेक्षा स्वस्त.

सेकंड हँड घेताना हेच उलट वापरा. स्टँचनवर नखाला लागणारा ओरखडा असेल, दाबल्यावर तेलाची कड उमटत असेल किंवा रिबाउंडची फिरकी दोन्ही टोकांना सारखीच वागत असेल तर सोडून द्या.

पैसे कुठे आधी

खरं सांगू? ११ हजार हातात असतील तर पहिले मी फोर्कला लावणार नाही. पहिलं फुल-फेस हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड. मग ब्रेक: हायड्रॉलिक, पुढे १८० ची डिस्क. मग टायर. २.१ च्या जागी २.३५ चा मऊ रबराचा टायर कमी दाबावर चालवला की छोटे खडे फोर्कपर्यंत पोचतच नाहीत. फक्त आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे यांनी ट्यूब टिकत नाही, म्हणून ट्यूबलेस आणि सीलंट. त्यानंतर फोर्क.

भावाचं शेवटी असं झालं. ब्रेक आणि टायर त्याने स्वतःच्या पैशांनी केले. फ्रेमच्या मॅन्युअलमध्ये १२० पर्यंत मान्य असल्याचं त्यानेच शोधून मला स्क्रीनशॉट पाठवला, म्हणून १२० चा, रिबाउंड असलेला हवेचा फोर्क मी घेऊन दिला. स्टिअरर कापायच्या आधी आम्ही तीनदा मोजला. त्याच्या रेसच्या दिवशी मी पुण्यात ऑफिसात होतो. दुपारी फोनवर फोटो आला: धुळीने माखलेला स्टँचन आणि वरच्या टोकापासून ८ एमएम खाली थांबलेली ओ-रिंग. कितवा आला ते विचारल्यावर उत्तर अर्ध्या तासाने आलं. एकोणतिसावा.

मी लिहिलं, ३ पीएसआय कमी कर.